वाटीच्या भोकातलं शीत

मी वाटी बोलते आहे. हसू नका. तुमच्या घरातल्या वरणाच्या वाटीशी माझं काही नातं नाही. मी तांब्याची आहे, माझ्या तळाला भोक आहे, आणि ते पडलेलं नाही, मुद्दाम पाडलेलं आहे. इतर भांड्यांना भोक पडलं की ती मोडीत जातात. मला भोक पाडलं त्या दिवसापासून माझा मान सुरू झाला.

भंडाऱ्याच्या एका तांबटानं मला घडवलं. ठोकून आकार द्यायला त्याला दोन दिवस लागले, आणि सुईच्या टोकाएवढं ते भोक पाडायला आठ दिवस. जरा कोरायचं, पाण्यावर सोडायचं, मी भरून बुडेपर्यंत बघत बसायचं, पुन्हा जरा कोरायचं. शेवटी बरोबर एका घटकेत, म्हणजे तुमच्या घड्याळातल्या चोवीस मिनिटांत, मी तळाला गेले. "जमली," तो म्हणाला आणि त्यानं मला फडक्यात गुंडाळलं. त्या एका शब्दाचा ताठा माझ्या अंगात अजून आहे, तो मी लपवणार नाही.

आमचं गाव करडी गावाच्या पलीकडे. गावाला एक तलाव, आणि तलावाच्या पायथ्यापासून उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली भाताची शेतं. तलाव लहान, बांध्या फार, म्हणून पाणी पाळीनं. ती पाळी मोजायची मी. खुशाल आमचा पाणकर, म्हणजे गावानं पाणी वाटायला नेमलेला माणूस. तो घंगाळात पाणी भरायचा, त्यावर मला अलगद सोडायचा आणि ज्याची पाळी त्याच्या नावानं ओरडायचा. मी बुडले की पाळी संपली. मग मालक असो की मजूर, मी कोणाची भीड ठेवली नाही.

नियम दोनच होते. पहिला, पहिली वाटी शेवटाची. सगळ्यात खालच्या बांधीला सगळ्यात आधी पाणी, कारण शेवटी राहिलेल्याच्या वाट्याला नेहमी चिखल येतो. दुसरा, वाटी तरंगते तोवर पाणी पाळीवाल्याचं. तो घेईल, शेजाऱ्याला देईल, नाही तर वाया घालवील. मधे कोणी बोलायचं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात तलावाचा तळ दिसायला लागला होता. भय्याजींची पाळी होती. भय्याजी गावातले सगळ्यात मोठे शेतकरी; त्यांच्या आजानं तो तलाव खोदवला होता. ते मला बघायला म्हणून वाकले, आणि मला भोकाशी काहीतरी मऊ लागलं. मी भरेनाच. लाजेनं मेले हो मी! सगळं गाव जीव मुठीत धरून बसलेलं आणि मी आपली बदकासारखी तरंगते आहे. खुशालनं मला उचललं. बाभळीच्या काट्यानं माझ्या भोकातून शिजलेल्या भाताचं एक शीत काढलं आणि तळहातावर घेऊन चारचौघांत दाखवलं.

"भय्याजी, तुमच्या घरचा तांदूळ लय बारीक हाय जी. आमच्या घरी असा शिजत नाई."

भय्याजींची पाळी गेली. त्या दिवसापासून ते खुशालशी एक शब्द बोलले नाहीत. खुशालनंही कधी पाऊल मागं घेतलं नाही, आणि मला तर दोघांपेक्षा जास्त अभिमान वाटत होता.

मग अठ्ठ्याहत्तर साली नहर, म्हणजे धरणाचा कालवा, आली.

पाणी म्हणजे किती पाणी! पहिल्या वर्षी माणसं नुसती नहरीच्या काठावर उभी राहून बघत होती. एकाची दोन पिकं झाली. घराघरात धान्याच्या ढोल्या तोंडापर्यंत भरल्या, गवताच्या छपरांवर कवेलू, म्हणजे कौलं, चढली. पाहुण्याला 'जेवून जा' म्हणताना बाया आधी तांदळाच्या मडक्यात डोकावायच्या, ते बंद झालं. हे सगळं चांगलं झालं, मी काही नाक मुरडत नाही. पण ज्या गावात पाणी सगळ्यांना पुरून उरतं त्या गावात पाळी कोण मोजणार? खुशालची बायको रुखमिणी, मोठी सरळ बाई. तिनं मला दुधाच्या गंजावर, म्हणजे पातेल्यावर, झाकण म्हणून ठेवलं. भोकातून वाफ जाते, दूध उतू जात नाही. जिच्यापुढे भय्याजी खाली मान घालून बसले होते, ती मी दुधाचं झाकण! खुशाल रोज सकाळी सवयीनं नहरीचं पाणी गावाकडे सोडणाऱ्या गेटापर्यंत जाऊन यायचा. तिथं त्याला कोणी काही विचारत नव्हतं.

मला वाटलं होतं, पाणी पुरलं की भांडणं संपतील. कशाची संपतात! दुधावर बसून मी रोज ऐकत होते. गेटाजवळ पहिला नारळ कोण फोडणार, यावरून एका वर्षी दोन तट पडले. पुढच्या वर्षी मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेतल्या, दंडारीच्या खेळात पुढची खाट कोणाची, यावरून डोकी फुटली. एका बाजूला भय्याजी आणि दुसऱ्या बाजूला सोसायटीचा अध्यक्ष सेवकराम, नहरीच्या पाण्यावर वर आलेला नवा माणूस. पूर्वी पाणी अडवणारा मोठा होता. आता अडवून कोण भिणार? मग मोठं व्हायला एकच वाट उरली, देण्याची. भय्याजी म्हणाले, मी दिवसरात्र पाणी देईन. सेवकराम म्हणाला, मी त्याहून जास्त देईन. आणि गेट उघडंच राहिलं.

बंद कोण करणार? जो बंद करील त्याच्या नावानं 'ह्यानं पाणी तोडलं' अशी बोंब उठायची. म्हणून दोघांना एकच धास्ती, की दुसरा डोळा चुकवून गेट पाडील आणि आळ आपल्यावर घालील. एके दिवशी भय्याजींनी गेटाच्या चाकाला साखळी बांधून आपलं कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सेवकरामनं त्याच साखळीला आपलं लावलं. बंद दाराला कुलूप जगात सगळेच लावतात. आमच्या गावानं उघड्या गेटाला लावलं, आणि तेही दोन.

आता सांगा, सगळ्यांना पुरून उरलेलं पाणी जातं कुठं? खाली. आणि सगळ्यात खाली होती देवकाबाईची बांधी. देवकाबाई विधवा. एक लेक, कौशल्या, आणि ही एवढीशी जमीन. तुटीच्या दिवसांत पहिली वाटी तिची होती. बरकतीच्या दिवसांत सगळ्या गावाचं नकोसं पाणी तिच्या दारी. दोन वर्षं तिचं कापलेलं धान पाण्यात सडलं. लोक हळहळले, पायलीभर तांदूळ आणून दिले, आणि गेट उघडंच ठेवलं.

त्र्याऐंशीचा कार्तिक. सकाळी रुखमिणी दूध तापवत होती, मी वर. देवकाबाई दारात आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली.

"खुशालभाऊ, पाणी कडपाले लागलं जी."

कडपा म्हणजे कापून बांधीत वाळायला आडवं टाकलेलं धान. ते पाण्यात राहिलं की लोंबीतच कोंब फुटतात, मग ते ना खायचं ना बियाण्याचं.

"कवा कापलं?" खुशालनं विचारलं.

"परवा. कौशल्यानं अन् म्या. आज भारे बांधाचे होते. सकाळी जाऊन पायलं तं बांधीत पाणी चढून राहिलं."

"मंग दोघाईले सांगितलं नाई?"

"सांगितलं न. भय्याजी म्हणते, सेवकरामले पयले कुलूप काढू दे, मी लगेच काढतो. सेवकराम म्हणते, भय्याजीले पयले काढू दे. दोघंही लय गोड बोलले जी. दोघांनी चहा पाजला मले." ती उंबऱ्यावर बसली. "माया भाऊ आला हाय नागपूरवून, ईश्वर. तिकडं इटाभट्टीवर काम हाय म्हणते, मायलेकीले न्यायले आला. सांजच्या मोटारीनं जाते तो. हे धान खळ्यात आलं तं राहीन. नाई तं बांधी इकून जाईन त्याच्यासंग. आता तिसरं वरीस हाय, खुशालभाऊ. किती दिवस लोकायचे तांदूळ खाऊ?"

खुशाल म्हणाला, "म्या काय करू, देवकाबाई? मले आता कोण पुसते?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाली दूध वर येत होतं आणि मी गंजाच्या काठावर तडतड वाजत होते. रुखमिणीनं पदरानं धरून मला उचललं, पुसलं आणि खुशालच्या पुढ्यात ठेवलं.

"हे घ्या."

"रुखमिणी, हे आता झाकण हाय."

"झाकण म्या केलं. पयले काय होतं ते तुमाले ठाऊक हाय." तिनं फडक्यात शिळा भात बांधून त्याच्या हातात दिला. "अन् हे खाऊन घेजा तिथं. उपाशी पोटी आवाज निघत नाई तुमचा."

मागं दूध उतू गेलं. तिनं वळूनही पाहिलं नाही.

सोसायटीची निवडणूक आठ दिवसांवर होती. दोन्ही पार्ट्यांची माणसं सकाळी आपापलं कुलूप बघायला गेटावर जमतच. पन्नासेक जण पिंपळाखाली होते. भय्याजी एका अंगाला, सेवकराम दुसऱ्या. खुशालनं पाराच्या दगडावर घंगाळ ठेवलं आणि नहरीचं पाणी भरलं. ते बघून जागेश्वर खिदळला. जागेश्वर सेवकरामचा उजवा हात, आणि त्याची बांधी देवकाबाईच्या लगेच वर.

"काय खुशालभाऊ, पाणी कमी पडलं काय गावाले?"

सगळे हसले. हशा ओसरेपर्यंत खुशाल थांबला.

"पाणी लय हाय, बाप्पा. पाळी कोणाचीच नाई, तेच तं झालं." आणि मग पाच वर्षांत न निघालेला त्याचा तो जुना आवाज निघाला. "पयली वाटी शेवटाची! पाळी देवकाबाईची!"

त्यानं मला पाण्यावर सोडलं.

आणि काय सांगू! ज्यांनी तीस-तीस वर्षं त्या हाकेवर जीव टांगून काढली ती माणसं मुकाट खाली बसली. माझ्या भोकातून पाण्याची पहिली बारीक कारंजी उडाली, ती मला स्वतःला ऐकू आली.

देवकाबाई पुढं आली. बायांनी सभेत बोलायची रीत नव्हती. ती तरी बोलली.

"वाटी तरंगून राहिली. मंग आता पाणी माझं. हाव का नाई?"

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "हाव. रीत हाय तशी."

"माझं पाणी मले नको. बंद करा."

सेवकराम हात जोडून उभा राहिला. "माय, माया हातून या गावात कोणाचं पाणी तुटणार नाई. मी शब्द देल्ला हाय लोकायले."

"तुमी तोडू नका न, सेवकरामभाऊ. देणं तुमचं, नको म्हणनं माझं. कोणी पुसलं तं सांगा, देवकानं बंद केलं. शिव्या मले द्या. म्या कुठं निवडणुकीत उभी हाय?"

दोघांचेही हात खिशाशी गेले आणि तिथंच थांबले. आधी कोण? जो आधी चावी काढील तो नमला. भय्याजी सेवकरामकडे बघतात, सेवकराम भय्याजींकडे, आणि मी भरत चालले आहे. खाली बांधीत कौशल्या एकटी कमरेत वाकून धानाच्या पेंढ्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उचलून ठेवत होती. तिच्या पायाशी पाणी सूर्यात चमकत होतं.

"अर्धी झाली," खुशाल म्हणाला.

जन्मभर मी वेळेवर बुडण्याचा तोरा मिरवला. त्या दिवशी पहिल्यांदा मला बुडायची भीती वाटली.

देवकाबाईनं काय करावं? ती दोघांच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हातांनी पदर पसरला. "दोघं एकदम टाका. कोणी पयला नाई, कोणी मांगला नाई."

दोन चाव्या एकदम पदरात पडल्या. कुलपं निघाली, साखळी खळखळली, चार जणांनी चाक फिरवलं आणि गेट खाली बसलं. पाण्याचा आवाज थांबला. त्या जागी तो तीन वर्षांत कधी थांबला नव्हता. माणसं एकमेकांकडे चोरट्यासारखी बघायला लागली.

पण बांधी निथळायला सांज होणार, आणि मी तर काठापर्यंत आलेली. मी बुडले की पाळी जागेश्वरची. त्यानं आताच मिशीवर हात फिरवला होता. "माझी पाळी आली का उघडतो म्या. सेवकरामभाऊचा शब्द खाली पडू देत नाई."

देवकाबाईचं तोंड उतरलं. एवढं सगळं करून मिळाली ती एक घटका.

खुशाल पाराच्या कडेला बसला. त्यानं फडक्याची गाठ सोडली, भाताचा एक घास खाल्ला, आणि पाणकर नेहमी वाकतो तसा माझ्यावर वाकला. त्याचं बोट माझ्यात बुडालं. भोकाशी काहीतरी मऊ दाबलं गेलं.

शीत!

मी हादरले. खुशाल, तू? ज्यानं अकरा वर्षांपूर्वी तळहातावर शीत घेऊन मालकाची अब्रू काढली, तो तू? मला ओरडावंसं वाटलं. पण मग मला त्याचं बोट कळलं. ते थरथरत होतं, आणि घंगाळातलं सगळं पाणी त्याच्याबरोबर थरथरत होतं. मी काठाशी थांबले. भरेना की बुडेना.

एक घटका गेली. सावली सरकली तशी दुसरी गेली. जागेश्वर उठला.

"वाटी काहून बुडून नाई राहिली बे?"

सगळे वळले. पण जागेश्वरच्याही आधी भय्याजी पाराशी आले. ते माझ्यावर वाकले. त्यांचा चेहरा इतका जवळ आला की त्यांचा श्वास मला लागला. तळाशी पांढरं शीत स्वच्छ दिसत होतं, आणि ते ओळखायला त्या माणसाइतका जाणता डोळा अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नव्हता. खुशालनं मान वर केली नाही. भय्याजींनी नुसतं बोट दाखवलं असतं, तरी खुशालची तीस वर्षांची इमानदारी, देवकाबाईचं धान आणि माझं नाव, सगळं त्या घंगाळात बुडालं असतं.

"खुशाल," भय्याजी म्हणाले. अकरा वर्षांनी. आणि मग फक्त आम्हा दोघांना ऐकू येईल इतक्या हळू, "तुया घरीही आता बारीक तांदूळ शिजते वाटते."

ते ताठ उभे राहिले आणि गावाला म्हणाले, "वाटी तरंगून राहिली अजून. पाळी देवकाबाईची."

कोणी पुढं येऊन पाहिलं नाही. सगळ्यांना कळलं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सेवकराम घसा खाकरून दुसरीकडे बघायला लागला. जागेश्वरनं कोणाच्या तरी बैलगाडीतून दोर काढून घेतला आणि तो खाली बांधीत उतरला. तो भारे बांधायला गेला हे मला त्याच्या पाठीवरून कळलं. सेवकरामची आणखी दोन पोरं त्याच्यामागं गेली, म्हणून मग भय्याजींची तीन. चढाओढ काही सुटली नव्हती, पण त्या दिवशी ती भारे उचलत होती.

दिवस मावळेपर्यंत मी तरंगले. पार खालची ओळ भिजून गेली, पण बाकी धान देवकाबाईच्या खळ्यात पोचलं. सांजची मोटार आली तेव्हा ईश्वर एकटाच तिच्यात चढला. मोटार दिसेनाशी झाल्यावर खुशालनं मला उचललं, माझ्यातलं पाणी ओतलं. शीत त्यानं काढलं नाही.

या गोष्टीला आता पाच वर्षं झाली. निवडणूक सेवकरामनं जिंकली. गेट उघडायला अजून हार-नारळ, भोंगा सगळं लागतं, आणि खाटेवरून भांडणं अजून होतात. पण उघड्या गेटाला कुलूप परत कोणी लावलं नाही. कापणी आली की आधी देवकाबाईला विचारतात, "बंद कराचं काय जी?" ती हाव म्हणाली की गेट खाली बसतं. शिव्या तिला पडतात. ती हसून ऐकून घेते.

खुशाल दोन वर्षांपूर्वी गेला. रुखमिणीनं मला देवकाबाईकडे आणून दिलं, तेव्हापासून मी हिच्या खुंटीवर आहे. मी आता कोणाची घटका मोजत नाही. ते शीत वाळून खड्यासारखं झालं आहे, माझ्या भोकात घट्ट बसलं आहे. बहात्तर साली तसलंच एक शीत माझ्यात अडकलं तेव्हा ती चोरी होती, आणि मी अजून तिला चोरीच म्हणते. या दुसऱ्याला काय म्हणावं ते मला कळत नाही. मी तांब्याची आहे, मला मोजणं कळतं. पण खुशालचं बोट थरथरलं होतं, ते मी विसरत नाही.

दिवाळी आली आहे. कौशल्या माहेरी आली आहे आणि सगळी भांडी अंगणात काढून बसली आहे. बाई, मला घास. चिंच लाव, राख लाव, लख्ख कर, मला आवडतं ते. फक्त भोकात काडी घालू नकोस. ते शीत राहू दे.